श्री. म्युटन्स यांस, मु. पो. मागली दाढ

श्री. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स (जिवाणू),
मु. पो. मागल्या दाढेची खाच, खालचा जबडा, डावी बाजू.

स. न. वि. वि.

म्युटन्सराव, तुमचा मुक्काम आमच्याच तोंडात असल्याने हे पत्र पोस्टात टाकायची गरज नाही. मोठ्याने वाचलं तरी पोहोचेल.

आधी अभिनंदन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली तुमच्या कामाचा आढावा घेतला. पक्के दात किडलेली आणि उपचाराविना राहिलेली माणसं निघाली सुमारे २०० कोटी, दुधाचे दात किडलेली मुलं ५१ कोटींच्या वर. ना कार्यालय, ना जाहिरात, ना वर्गणी. तरी शाखा घराघरांत. दात कोरून पोट भरत नाही ही आमच्या पूर्वजांची म्हण तुम्ही एकट्याने खोटी पाडलीत.

तुमच्या वाटच्या शिव्या मात्र कित्येक शतकं भलत्यानेच खाल्ल्या. दातात अळी असते आणि तीच दात पोखरते, यावर बॅबिलोनच्या मातीच्या विटांपासून आमच्या पणजीपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. आमच्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायचे. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बिया करायच्या. तापलेल्या बीतून पांढरा कोंब बाहेर पडायचा आणि ‘निघाली बघा कीड’ म्हणत वैदू पैसे मोजून घ्यायचा. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने, आपण पुष्कळ शोधलं पण असा किडा काही दिसला नाही, असं लिहून ठेवलं. त्याआधी १६८३ मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडवाल्याने स्वतःच्या दातांवरचं कीटण खरवडून भिंगाखाली धरलं होतं आणि त्यात वळवळणारी जत्रा पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं होतं. गृहस्थ रोज मिठाने दात घासायचे, तरी ही जत्रा! त्या गर्दीत तुम्ही होतात की नाही, हे तुम्हालाच ठाऊक.

तुमच्यापर्यंत पहिल्यांदा हात पोहोचला तो १९२४ मध्ये. किलियन क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने किडलेल्या दातांतून तुम्हाला वेगळं काढलं, नाव दिलं, गुन्हा नोंदवला. पण त्याआधी, १८९० मध्ये, बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने सिद्धांत मांडून ठेवला होता: तोंडातले जिवाणू अन्नातल्या पिठाचं आणि साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, कोणा एकट्याचं हे काम नाही. क्लार्कचं कोणी फारसं ऐकलं नाही. तुमची फाइल तीसेक वर्षं कपाटात पडून राहिली आणि तेवढ्या काळात तुम्ही किती दाढा पाडल्यात त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्याकडे फाइल दाबायला निदान कारकून लागतो.

ती उघडली उंदरांनी. १९५४ साली ऑरलँड आणि मंडळींनी जन्मापासून एकही जिवाणू न शिवलेले उंदीर पाळले आणि त्यांना भरपूर साखरेचा खुराक दिला. दात शाबूत. म्हणजे नुसती साखर पुरत नाही, तुमच्यासारखं कोणी लागतं. मग १९६० मध्ये पॉल कीज यांनी दात न किडणारे हॅमस्टर दात किडणाऱ्या हॅमस्टरांच्या पिंजऱ्यात सोडले. थोड्याच दिवसांत तेही किडले. दातकिडीचा संसर्ग होतो! आरोपीला वर्दीवाल्यांनी घेरलंच म्हणायचं. पुढची काही दशकं तुमच्याइतकी प्रसिद्धी तोंडातल्या दुसऱ्या कुठल्याही रहिवाशाला लाभली नाही. २००२ मध्ये तर ओक्लाहोमाच्या मंडळींनी तुमची सुमारे वीस लाख अक्षरांची अख्खी जनुकीय पत्रिका छापली. तिच्यात सगळ्यात उठून दिसणारा योग कुठला, तर साखर आत ओढून घ्यायची सोय. नाना तऱ्हेच्या साखरांसाठी नाना दारं.

तुमचं काम जवळून पाहिलं की कौतुक करावंच लागतं. साखर तोंडात आली की तुम्ही तिचे दोन तुकडे करता, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. काही ग्लुकोज एकमेकाला जोडून त्याचे लांब धागे वळता. पाण्यात न विरघळणारे हे धागे फणस चिरल्यावर बोटांना राहणाऱ्या चिकासारखे दाताला धरून बसतात, चूळ भरून निघत नाहीत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जिवाणू त्यांत अडकून तुमचा भाडेकरू होतो. उरलेली साखर खाऊन तुम्ही लॅक्टिक आम्ल सोडता. सामू ५.५ च्या आसपास खाली उतरला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. अशा आम्लात बाकीचे शेजारी माना टाकतात. तुमच्याकडे मात्र आत शिरलेलं आम्ल बाहेर फेकायचे पंप आहेत. स्वतः घाण करायची आणि त्या घाणीत आपण एकट्यानेच टिकायचं, हे राजकारण तुम्ही शिकवणी लावून शिकवलंत तर इथे विद्यार्थी कमी पडायचे नाहीत.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. १९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या संशोधकाने कीटणातला सामू मोजून आलेख काढला. साखरेच्या पाण्याची चूळ भरल्यावर काही मिनिटांत रेघ धाडकन खाली, आणि मग अर्धा-पाऊण तास लाळ तिला हळूहळू वर ओढत आणते. वर आल्यावर लाळेतलं कॅल्शियम परत दातात भरलंही जातं. म्हणजे दात दिवसभर झिजतो आणि भरतो. प्रश्न एवढाच की भरायला त्याला वेळ मिळतो का. सकाळी चहाबरोबर बिस्किट, दहाला गोळी, अकराला पुन्हा चहा, शाळेच्या डब्यात जॅमपोळी, संध्याकाळी खारी आणि तिसरा चहा. साखर मोजून पाहिली तर एखाद्याच्या श्रीखंडाच्या वाटीएवढीच भरेल. पण श्रीखंडवाल्याची रेघ एकदा खाली जाते, याची दिवसभर तळालाच.

परवा एका दवाखान्यात समोरच्या बाकावर आईच्या मांडीवर एक तीन वर्षांचा मुलगा बसला होता. जांभई आली तेव्हा वरचे चार पटाशीचे दात दिसले. दात कसले, हिरडीतून वर आलेले काळपट-तपकिरी खुंट. खालचे चार मात्र स्वच्छ, तांदळासारखे. डॉक्टरांना नुसतं ते पाहूनच कळलं. त्यांनी विचारलं, “रात्री बाटली?” आई म्हणाली, “साखर घातलेलं दूध असल्याशिवाय डोळाच लागत नाही हो त्याचा.” बाटली तोंडात धरून मूल झोपतं, झोपेत लाळ आटते, गोड दूध वरच्या दातांवर साचतं, खालचे जिभेखाली झाकले जातात म्हणून वाचतात. म्युटन्सराव, ही तुमची सही. कुठलाही हस्ताक्षरतज्ज्ञ ओळखेल. खुंटांच्या शेजारच्या दाढांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघही होती. ती अजून भरून येण्याजोगी असते, पण त्या रेघेसाठी दवाखान्यात कोणी येत नाही. येतात ते ठणका लागल्यावर.

तुम्ही मुलांच्या तोंडात येता कसे, यावरही बरंच संशोधन झालं. अलाबामात पेज कॉफील्ड यांनी १९९३ मध्ये दाखवलं की दाढा उगवायच्या काळात, साधारण दोन वर्षांच्या आसपास, तुम्ही बस्तान बसवता, आणि बहुतेक वेळा तुमचा वाण आईच्या तोंडातल्या वाणाशी जुळतो. झालं. त्या दिवसापासून वरणभाताचा घास फुंकून, चाखून नातवाला भरवणारी प्रत्येक आजी आणि चमचा चाटून पाहणारी प्रत्येक आई आरोपीच्या पिंजऱ्यात. मला हे पटलेलं नाही. तुम्ही बाबांच्या तोंडातून येता, पाळणाघरातल्या खेळण्यावरून येता. येणार तर आहातच. घासाबरोबर आलेल्या पाहुण्याला पुढे रोज तासातासाला जेवू कोण घालतं, हे विचारणं जरा जास्त गैरसोयीचं असतं, म्हणून बोट आजीकडे जातं.

फिनलंडच्या मंडळींनी आयांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांना च्युइंगगम दिलं. ज्यांच्या तोंडात तुमची वस्ती दाट होती अशा आयांना, बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून, झायलिटॉलचं गम चघळायला लावलं. ही दिसायला साखर, चवीला साखर, पण तुम्हाला ती पचत नाही. मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा या आयांच्या मुलांपैकी दहात एकाच्याच दातांवर तुम्ही सापडलात. ज्या आयांच्या दातांना फक्त फ्लोराइडचा लेप दिला होता, त्यांच्या मुलांत जवळपास निम्म्यांवर. २००० साली हे छापून आलं. तुम्हाला फसवून उपाशी ठेवता येतं, हे वाचून आम्हाला किती आनंद झाला म्हणून सांगू!

आता स्वीडनची गोष्ट. ती सांगताना आवाज जरा खाली येतो. तुमच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच मिळाला. लुंडजवळ विपेहोम नावाची मतिमंद माणसांसाठीची संस्था होती. १९४५ पासून तिथल्या चारशेहून अधिक रहिवाशांवर आहाराचा प्रयोग चालला. सुरुवात जीवनसत्त्वांपासून झाली, मग वळला साखरेकडे. कोणाला जेवणाबरोबर साखर, कोणाला गोड पाव, कोणाला चॉकलेट. आणि एका गटाला दातांना मुद्दाम चिकटून राहावी अशी बनवलेली टॉफी, दिवसाला चोवीसपर्यंत, दोन जेवणांच्या मध्ये. माणसांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांना काय सांगता आलं असतं? पैशांत मिठाईवाल्यांचाही वाटा होता. १९५४ मध्ये निष्कर्ष आले: जेवणात खाल्लेली साखर फारसं बिघडवत नाही, मधल्या वेळची चिकट साखर दातांची चाळण करते. टॉफीच्या गटातल्या माणसांचे दात भराभर किडले. स्वीडनमध्ये त्यावरून पोरांना मिठाई फक्त शनिवारी द्यायची रीत पडली आणि ती अजून टिकून आहे. स्वीडिश पोरांचे दात वाचले ते ज्यांच्या दातांच्या जिवावर, त्यांना शनिवारचं काही नव्हतं. वर मी जो श्रीखंडाचा आणि चहाबिस्किटाचा हिशेब इतक्या तोऱ्यात मांडला, तोही याच प्रयोगाच्या आधाराने. या एका प्रकरणात तुम्ही तुमच्या स्वभावाप्रमाणे वागलात. तुमच्याबद्दल तक्रार नाही.

यानंतर कोणालाही वाटेल की आता साखरेवर बोलणं सुरू झालं असेल. नाही. बोलणं सुरू झालं तुमच्यावर, आणि तुमचं खरं भाग्य मला इथे दिसतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिन कर्न्स या मूळच्या दंतवैद्य बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी साखर उद्योगाची जुनी कागदपत्रं बाहेर काढली. एका रसायनशास्त्रज्ञाच्या दप्तरात पडलेले ३१९ कागद, १९५९ ते १९७१ या काळातले. साखरेने दात किडतात हे उद्योगाला १९५० पर्यंत ठाऊक झालेलं होतं. मग त्यांनी काय करावं? साखर कमी खा असं सांगावं लागणार नाही असे उपाय शोधायला पैसे दिले. कीटण विरघळवणारी विकरं शोधा. दातकिडीची लस शोधा. थोडक्यात म्युटन्सला मारा, डबा उघडाच राहू दे. आणि १९७१ मध्ये अमेरिकी सरकारने दहा वर्षांत दातकीड हटवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला तेव्हा उद्योगाने पाठवलेल्या अहवालातला ७८ टक्के भाग संशोधनाच्या पहिल्या जाहीर आवाहनात जसाच्या तसा उतरला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात. इथे तर दाखवायचा दात तुम्हीच होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर तुम्ही संन्यासी नाही, आणि चोराला माल कोण पुरवतो हे कोर्टात कोणी विचारत नाही.

त्या लसीचं पुढे काय झालं ते विचारू नका. म्हणजे विचारा, आम्हाला सांगायला आवडेल. ब्रिटनमध्ये विल्यम बोवेन यांनी १९६९ च्या सुमारास माकडांना टोचून पाहिली, आशा वाटली. मग शंका आली की तुमच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं चुकून हृदयाच्या ऊतींवर जाऊन बसली तर? दात वाचवून हृदय गमवायला कोण तयार होणार. अर्धशतक उलटलं, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ती लस आलेली नाही. फ्लोरिडातल्या जेफ्री हिलमन यांनी आणखी गमतीदार वाट धरली. तुमच्याच एका भावाला पकडून त्याची आम्ल करायची शक्ती काढून घेतली. तो आता साखरेचं किंचित मद्य करतो आणि वर तुम्हाला मारणारं प्रतिजैविकही सोडतो. तोंडात सोडला की तुमची जागा बळकावेल, अशी योजना. अमेरिकी सरकारने घाबरून पहिल्या चाचणीला अट घातली: माणूस तरुण हवा, पण कवळी वापरणारा हवा, म्हणजे गडबड झालीच तर दात काढून ठेवता येतील. असे उमेदवार पुरेसे मिळेनात. एखाद्या विनोदी लेखकाला सुचलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

आणि एवढं करून तुम्ही एकटे गुन्हेगार आहात का, तर तेही नाही. पुष्कळ तोंडांत तुम्ही असता आणि दात ठणठणीत असतात. काही तोंडांत तुमचा पत्ता नसतो आणि दाढ पोखरलेली असते. १९९४ मध्ये फिलिप मार्श यांनी सरळ सांगितलं की कीटण ही एक वस्ती आहे. सतत आम्ल मिळत राहिलं की तिच्यातले आम्ल सोसणारे माजतात, मग तुम्ही असा नाहीतर आणखी कोणी. म्हणजे मिलरसाहेब १८९० मध्ये जे म्हणत होते त्याच्या आसपास आम्ही शंभर वर्षांनी, एक माणूस फाशी देऊन, परत आलो. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या संशोधकांना लहान मुलांच्या कीटणात तुमचा एक जोडीदार सापडला, सेलेनोमोनास स्पुटिजेना. तो एरवी हिरडीच्या आजारात दिसतो. तुम्ही चिकट धागे वळता, तो त्यांत अडकतो, तिथेच वाढतो आणि तुमच्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी तटबंदी उभारतो. आम्ल आत साठून राहतं आणि दात आणखी झिजतो. मुलाखतींमध्ये तुम्ही याचा उल्लेख कधी केला नाहीत.

तुमची भरभराट कधीपासून, याचंही उत्तर जनुकांत मिळतं. तुमची संख्या फुगायला लागली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागला तेव्हा. जुन्या सांगाड्यांच्या दातांवरचं कीटण तपासणाऱ्यांना तुमचा खरा सुकाळ दिसला तो गिरणीचं पीठ आणि कारखान्याची साखर आल्यावर. आता कारखाना म्हटला की आमच्याकडे जीभ जरा अडखळते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या सुमारास, म्हणजे अमेरिकी साखरवाल्यांना दातांचं कळून चुकलं त्याच सुमाराला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती क्रांती होती आणि मी तिला नाव ठेवणार नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांची शिक्षणं उसावर झाली. पण गळीत हंगामात रिकव्हरीचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात, आणि बालवाडीतल्या किडक्या दातांचे आकडे कुठल्याच हंगामात येत नाहीत, एवढं मात्र खरं.

तुमचा सगळ्यात जुना शत्रू फ्लोराइड. १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावाने तो नळाच्या पाण्यात घालायला सुरुवात केली आणि पोरांची दातकीड निम्म्याहून खाली आली. आमचं नशीब पाहा: यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक विहिरींत आणि बोअरमध्ये तो निसर्गानेच इतका ओतून ठेवलाय की दातांवर तपकिरी पट्टे येतात, हाडं आखडतात, आणि नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेला तो पाण्यातून काढायची युक्ती शोधावी लागली. म्हणून आमच्याकडे तो नळातून नाही, टूथपेस्टमधून भेटतो, आणि त्यातही ‘नैसर्गिक’ म्हणून फ्लोराइडशिवायची पेस्ट दोन पैसे जास्त देऊन विकत आणणारी घरं आहेत. तुमच्या वतीने त्यांचे आभार मीच मानतो.

कळावे.
आपला नाइलाजाने,
तोंडाचा मालक

ता. क. प्रती पुढीलप्रमाणे रवाना केल्या आहेत: बिस्किटाच्या पुड्यावर गुटगुटीत मूल छापणाऱ्यांना, तापाचं औषध गोड केल्याशिवाय पोरं पीत नाहीत असं म्हणणाऱ्यांना, वाढदिवसाच्या परतभेटीत चिकट गोळ्यांची पिशवी देणाऱ्या पालकांना. शाळेच्या दारातल्या गोळीवाल्याला पाठवलेली नाही, त्याचा गल्ला लहान आहे. एक प्रत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, कारण दर संक्रांतीला तिथे ‘साखर सोडा, गूळ खा, दात किडत नाहीत’ असा निरोप फिरतो. गुळात बहुतांश तीच साखर असते आणि तो दाताला जास्त चिकटतो, असं मी खाली लिहिलं. त्यावर तीन जणांनी हात जोडलेत आणि एका काकूंनी तिळाच्या वड्यांचा फोटो पाठवलाय.